नफ्यातले दोन टक्के आणि उत्पन्नातले पाच

जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी मोबाईल कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले आणि तेव्हापासून एक वाद थांबायचं नाव घेत नाही. एक बाजू विचारते, ‘एवढा पैसा ओढताय, मग समाजासाठी काय करताय?’ त्यावर कंपन्यांचे पाठीराखे सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे, गुळगुळीत अहवाल पुढे करतात. इतक्या शाळा, इतकी झाडं, इतकी आरोग्य शिबिरं, इतक्या महिलांना डिजिटल साक्षरता. तिसरा एक गट या दोघांनाही वेड्यात काढतो. कंपनीने धंदा करावा, कर भरावा, भागधारकांना लाभांश द्यावा, समाजाचं काय ते सरकार बघेल, असं त्याचं म्हणणं. तिघं हमरीतुमरीवर येतात, पण एका गोष्टीवर तिघांचंही न बोलता एकमत असतं. सामाजिक जबाबदारी म्हणजे धंदा आटोपल्यावर, उरलेल्या पैशातून, धंद्याच्या बाहेर करायचं काम. ते करावं की करू नये आणि किती करावं, एवढाच काय तो वाद. घोळ आहे तो इथेच. टेलिफोन कंपनीची सामाजिक जबाबदारी तिच्या धंद्याच्या पोटातच असते. रेंज कुठपर्यंत पोचली, सगळ्यात गरीब ग्राहकाला आपला नंबर चालू ठेवायला किती पैसे पडतात, आणि कंपनी बुडायला आली तर तिच्या भरवशावर बसलेल्या माणसांचं काय होतं, हे तीन प्रश्न विचारले की तिचं मोजमाप होतं. शाळेला बाक साखर कारखानाही देऊ शकतो आणि सिमेंटवालाही. डोंगरापलीकडच्या वाडीवर टॉवर मात्र त्यांच्यापैकी कुणी उभारणार नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 सांगतं की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी. नफ्याच्या, हे महत्त्वाचं. आता हे माप व्होडाफोन-आयडियाला लावून पाहा. 2019 साली एका तिमाहीत जवळपास 51 हजार कोटींचा तोटा या कंपनीने दाखवला. तोवर भारतातल्या कुठल्याही कंपनीने एवढा तोटा दाखवला नव्हता. त्यानंतरही तोट्याची मालिका चालूच राहिली. सरासरी नफाच नाही म्हटल्यावर त्याच्या दोन टक्क्यांचाही प्रश्न उरत नाही. म्हणजे सुमारे वीस कोटी ग्राहकांच्या कंपनीची कायद्याने मोजलेली सामाजिक जबाबदारी झाली शून्य. हे हिशेबाने बरोबर आहे आणि अर्थाने साफ चूक. ही कंपनी उद्या सकाळी बंद पडली तर महाराष्ट्रातल्या किती बाजारपेठांत, किती शेतांत, किती घरांत फोन मुका होईल? ज्या मापात ही गोष्ट बसतच नाही, ते माप कशाला धरून बसायचं?

या कंपनीचं उदाहरण मुद्दाम घेतो आहे, कारण तिचा निम्मा जन्म आपल्याकडचा. 1995 मध्ये बिर्ला कम्युनिकेशन्सला दोनच सर्कलचे परवाने मिळाले, गुजरात आणि महाराष्ट्र. महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. अमेरिकेची एटी अँड टी भागीदार झाली, 1997 मध्ये सेवा सुरू झाली. पुढे आंध्रातली टाटा सेल्युलर त्यात विलीन झाली आणि कंपनीचं नाव बिर्ला-टाटा-एटी अँड टी असं लांबलचक झालं. धंद्याच्या वर्तुळात तिला सरळ ‘बटाटा’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर नंतरच्या ‘आयडिया’पेक्षा ते नाव जास्त प्रामाणिक होतं. 2002 मध्ये आयडिया आली, 2007 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, 2018 मध्ये व्होडाफोनशी विलीनीकरण. ज्या वर्षांत बड्या कंपन्या दिल्ली-मुंबईच्या पोस्टपेड गिऱ्हाइकांमागे धावत होत्या, त्या वर्षांत आयडिया तालुक्याच्या गावांत, एसटी स्टँडसमोरच्या टपऱ्यांत, खताच्या दुकानांत सिमकार्डं विकत होती. महाराष्ट्र-गोवा, मध्य प्रदेश, केरळ ही तिची बलस्थानं होती, आणि ती उगाच नव्हती.

ज्यांना ते दिवस आठवत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीला मोबाईलवर मिनिटाला 16 रुपये 80 पैशांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. फोन वाजला की पोटात गोळा येई. मिसकॉल हा आपल्या समाजाने त्या दरांवर काढलेला तोडगा होता. इनकमिंग मोफत झालं 2003 मध्ये, आणि प्रादेशिक कंपन्यांचा खरा विस्तार त्यानंतरचा. कोणत्याही सीएसआर प्रकल्पाने महाराष्ट्राच्या खेड्यात जेवढा बदल केला नसेल तेवढा त्या एका दरबदलाने केला. भाजी घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जायच्या आधी भाव विचारता येऊ लागला, ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांचा आवाज गावातल्या म्हाताऱ्यांना ऐकू येऊ लागला. यात कुणीही दान केलं नव्हतं. नियामकाने नियम बदलला, कंपन्यांनी त्यात नफा पाहिला, लोकांचं भलं झालं.

मग जाहिराती आल्या. आयडियाच्या ‘व्हॉट ॲन आयडिया सरजी’ मालिकेत अभिषेक बच्चन होता. एका जाहिरातीत जातीच्या भांडणाने पेटलेल्या गावात माणसांची नावं काढून मोबाईल नंबर हीच ओळख करतात. दुसरीत फोनवरून खेड्यातल्या मुलांची शाळा भरते. तिसरीत फोन वापरून कागद, म्हणजे झाडं वाचवतात. जाहिराती म्हणून त्या उत्तम होत्या, मलाही आवडायच्या. पण त्यांनी एक गोष्ट आपल्या डोक्यात घट्ट बसवली: टेलिकॉम कंपनी म्हणजे समाजसुधारकच. फोनवरच्या शाळेची ती जाहिरात लागून दहाएक वर्षं उलटली आणि 2020 मध्ये कोरोनाने खरोखरच शाळा फोनवर आणली. तेव्हा कोकणात मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीने रानात झोपडी बांधून तिथे अभ्यास केल्याची बातमी सगळ्यांनी वाचली, तिच्या जिद्दीचं तोंडभरून कौतुक केलं. जिद्द होतीच. पण पंचवीस वर्षं परवाना वापरणाऱ्या कंपन्यांना आणि परवाना देणाऱ्या सरकारला त्या दिवशी कुणी विचारलं का, की ही झोपडी बांधायची वेळ का आली?

विचारलं असतं तर उत्तर परवान्याच्या कागदातच सापडलं असतं. मोबाईलचे जे पहिले परवाने दिले गेले त्यांत सेवा पोचवण्याची अट काय होती? पहिल्या वर्षात सर्कलमधली 10 टक्के आणि तीन वर्षांत 50 टक्के जिल्हा मुख्यालयं. मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातलं दुसरं एखादं शहर घेतलं तरी चाले. बस्स. खेडं हा शब्द त्या अटीत जवळजवळ नव्हताच. तारेच्या फोनचे परवाने घेणाऱ्या कंपन्यांवर मात्र गावोगावी सार्वजनिक टेलिफोन बसवायचं बंधन होतं. आपल्याकडे महाराष्ट्र-गोव्याचा तो परवाना ह्यूजेस इस्पातकडे होता. हीच कंपनी पुढे टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) झाली. देशभर या खासगी कंपन्यांनी गावातल्या फोनचं वचन पाळलं नाही. दंड भरणं त्यांना स्वस्त पडलं. 1994 च्या दूरसंचार धोरणाने 1997 पर्यंत सगळ्या गावांत फोन पोचवायचं म्हटलं होतं. तो पोचला नाही. आणि जिथे पोचला तिथे बहुतेक वेळा सरकारी खात्यानेच पोचवला.

आता पाच टक्क्यांकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या वादाचा कणा हा आहे आणि त्याचं नावही कुणी काढत नाही. खासगी कंपन्या खेड्यात जात नाहीत हे लक्षात आल्यावर सरकारने 2002 पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी सुरू केला. 2003 च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचं बळ दिलं. प्रत्येक टेलिकॉम कंपनीने आपल्या समायोजित सकल उत्पन्नाचे, म्हणजे एकूण कमाईतून ठरावीक वजावटी करून उरणाऱ्या उत्पन्नाचे, पाच टक्के या निधीत भरायचे आणि त्यातून न परवडणाऱ्या भागातली सेवा उभी करायची. पुन्हा एकदा वाचा: उत्पन्नाचे पाच टक्के. नफ्याचे नव्हेत. तोट्यातल्या कंपनीलाही ते चुकत नाहीत. सीएसआरच्या दोन टक्क्यांशी याची तुलनाच होऊ शकत नाही, हा आकडा कितीतरी पट मोठा. आणि हे पैसे शेवटी कोण भरतं? तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच ते जातात. म्हणजे मेळघाटातल्या, धडगावच्या, भामरागडच्या टॉवरसाठी आपण गेली वीस-बावीस वर्षं वर्गणी भरतो आहोत. त्या वर्गणीचं काय झालं? 2019 च्या सुमाराला जमा रकमेपैकी जेमतेम निम्मी वाटली गेली होती. उरलेली सरकारच्या तिजोरीत पडून. 2023 च्या दूरसंचार कायद्याने निधीचं नाव बदलून ‘डिजिटल भारत निधी’ केलं. नाव छान आहे.

निधी कुचकामी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. 2007 मध्ये याच निधीतून ग्रामीण भागात सामायिक टॉवरची योजना आली. टॉवर एकाने उभा करायचा, त्यावर तीन कंपन्यांनी आपापली यंत्रं लावायची, अनुदानासाठी बोली लावायची. त्यातून देशात सात हजारांहून अधिक टॉवर उभे राहिले. 2014 मध्ये नक्षलग्रस्त भागातल्या टॉवरना मंजुरी मिळाली, दोन हजारांहून जास्त ठिकाणी बीएसएनएल पोचलं, त्यात आपलं गडचिरोलीही होतं. 2022 मध्ये सुमारे 26 हजार कोटींची फोर-जी योजना मंजूर झाली, तीही न पोचलेल्या 24 हजारांवर गावांसाठी. म्हणजे अट नीट घातली, पैसा सुटला आणि काम कुणाच्या गळ्यात ते ठरलं, की टॉवर उभा राहतो. या प्रत्येक गोष्टीवर सार्वजनिक चर्चा व्हायला हवी होती. आपण चर्चा कशावर करतो? कुठल्या कंपनीने किती झाडं लावली यावर.

विरोधी बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं असं की भारतात मोबाईल जगातल्या सर्वांत स्वस्त सेवांपैकी एक आहे, स्पर्धेनेच तो स्वस्त केला, मग आणखी कसली जबाबदारी? यातला पहिला भाग शंभर टक्के खरा. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाचा हिशेब आणला आणि सगळ्यांना त्यामागे जावं लागलं. 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटाचा भाव कोसळला. रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्यापर्यंत क्यूआर कोड गेला तो या स्वस्ताईमुळे. हे नाकारणारा माणूस खोटं बोलतो आहे. पण स्वस्त कुणासाठी झालं? भरपूर वापरणाऱ्यासाठी. ज्याला आठवड्यातून चार फोन करायचे आणि बाकी फक्त येणारे घ्यायचे, त्याच्यासाठी उलटं घडलं. पूर्वी एकदा ‘लाइफटाइम’ घेतलं की इनकमिंगची चिंता नसे. 2018 च्या अखेरीला एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने किमान रिचार्ज आणला, 28 दिवसांना 35 रुपये. जुलै 2024 नंतर अमर्यादित कॉलचा 28 दिवसांचा साधा पॅक दोनशेच्या घरात गेला. दोन्ही पॅक एकसारखे नाहीत हे मान्य. 35 रुपयांत अमर्यादित बोलणं नव्हतं. पण ज्याला अमर्यादित बोलायचंच नाही त्याने ते विकत का घ्यावं?

आमच्या बाजारपेठेत रिचार्जचं एक दुकान आहे, बाजाराच्या दिवशी तिथे उभं राहिलं की हे अर्थशास्त्र डोळ्यांनी दिसतं. मागल्या महिन्यात एक मावशी आल्या. बटणांचा फोन, मागे सेलोटेपने चिकटवलेल्या चिठ्ठीवर स्वतःचाच नंबर. ‘लेकाचा फोन येईना झालाय, बघ रे बाबा.’ दुकानदाराने नंबर टाकला आणि म्हणाला, ‘व्हॅलिडिटी संपलीय मावशी, एकशे नव्याण्णवचा मारावा लागेल.’ मावशींनी कनवटीचे पैसे मोजले, शंभराची एक नोट आणि बाकी चिल्लर. ‘पन्नासचा मार की. मला कुठं बोलायचंय, त्यालाच बोलायचंय.’ दुकानदाराने कॅल्क्युलेटर बाजूला सारून हसून मान हलवली. पन्नासचा येत नाही. ‘त्यात डेटाही असतो मावशी,’ असं तो म्हणाला नाही, हा त्याचा मोठेपणा.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर 2024 मध्ये फर्मावलं की फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक द्यावेच लागतील. जानेवारीत ते आले: 84 दिवसांना साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे रुपये, किंवा वर्षाचे सतराशे-अठराशे. हिशेब केला तर 28 दिवसांना दीडशेच्या आसपास. कागदावर स्वस्त, पण एकरकमी. रोजंदारीवाल्याला तीन महिन्यांचे पैसे एकदम काढा म्हणणं म्हणजे त्याने स्वस्त पॅक घेऊ नये अशीच व्यवस्था. नियम अक्षरशः पाळला गेला आणि त्याचा जीव काढून घेतला गेला. कोणत्याही कंपनीच्या सामाजिक जबाबदारीची परीक्षा इथे व्हायला हवी होती. एका कंपनीने जरी 28 दिवसांचा साठ-सत्तर रुपयांचा, फक्त नंबर जिवंत ठेवणारा पॅक आणला असता, तर तिच्या त्या वर्षीच्या सगळ्या वृक्षारोपणापेक्षा ते मोठं काम ठरलं असतं.

यावर कुणी म्हणेल, नंबर जिवंत ठेवणं ही चैन आहे, सरकारने कशाला लक्ष घालावं? हा युक्तिवाद दहा वर्षांपूर्वी चालला असता. आज लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ओटीपीशिवाय होत नाही, बँकेचा निरोप मोबाईलवर येतो, गॅसचा नंबर मोबाईलवर लागतो. 2021 पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः करायची आहे. शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि अपलोड करायचा. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर नुकसानभरपाईला अडचण. शासनाने आपला कारभार फोनवर नेला तेव्हा फोन हा पाणी-विजेसारखा झाला, आणि कंपनीचा रिचार्ज ही नागरिकत्वाची मासिक फी झाली, तीही वर्षातून तेरा वेळा भरायची. सरकारने स्वतःच ती सक्तीची केल्यावर ‘बाजार बघून घेईल’ म्हणायचा अधिकार त्याला उरत नाही.

दुसरा बिनतोड मुद्दा स्पर्धेचा. एकच कंपनी सज्जनपणे डोंगरात टॉवर बांधत बसली, दुसरीने फक्त पुणे-नाशिकची मलई खाल्ली, तर सज्जन कंपनी मरेल. अगदी बरोबर, आणि म्हणूनच कंपनीच्या चांगुलपणावर विसंबणं मूर्खपणाचं. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत एटी अँड टीचे प्रमुख थिओडोर वेल यांनी ‘एक धोरण, एक यंत्रणा, सार्वत्रिक सेवा’ अशी घोषणा दिली, तेव्हा ती परोपकारातून दिली नव्हती. मक्तेदारी टिकवायची होती, आणि सरकार मागे लागलं होतं. 1913 मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड केली, मक्तेदारी मोठ्या प्रमाणात राहिली, बदल्यात जबाबदारी अंगावर आली. जबाबदारी सौद्यातून आली. आपल्याकडे त्याहून जवळचं उदाहरण आहे एसटीचं. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी सुटली. ‘गाव तिथे एसटी’ हे ब्रीद पुढे झालं. पुणे-मुंबई मार्गावरच्या कमाईने आडगावची मुक्कामी गाडी चालत असे. खासगी ट्रॅव्हल्सनी कमाईचे मार्ग खाल्ले आणि आडगावच्या गाडीचे वांधे झाले. मग सरकारने काय केलं? 75 वर्षांवरच्यांना मोफत, महिलांना अर्धं तिकीट, आणि त्या सवलतीची रक्कम महामंडळाला द्यायचं कबूल केलं. ती वेळेवर मिळते की नाही हा वेगळा तमाशा. पण तत्त्व स्वच्छ आहे: सामाजिक काम सेवेच्या आत, त्याचा हिशेब उघड, त्याची किंमत कुणी द्यायची ते ठरलेलं. एसटीने तिकिटाचा नफा करून त्यातून अनाथाश्रमाला पंखे दिले असते, तर तिला कुणी ‘लालपरी’ म्हटलं असतं का?

सीएसआरची कामं खोटी असतात असं मी म्हणत नाही. एअरटेलवाल्या भारती समूहाच्या भारती फाउंडेशनच्या सत्य भारती शाळा 2006 पासून उत्तरेतल्या खेड्यांत गरीब मुलांना मोफत शिकवतात, ते काम खरं आहे. माझी तक्रार शाळेबद्दल नाही, हिशेबाच्या वहीबद्दल आहे. शाळा सुरू केली म्हणून टॉवर नसल्याचा गुन्हा माफ होत नाही, आणि शाळा नाही म्हणून टॉवर उभारणाऱ्याला कमी लेखायचं कारण नाही.

आता ‘आपली’ कंपनी या भावनेबद्दल. प्रादेशिक कंपनी स्थानिकांची काळजी घेते, राष्ट्रीय झाली की माणूस विसरते, असं म्हणणारे बरेच भेटतात. आयडियाच्या जुन्या दिवसांची आठवण काढणारेही. मला ही भावुकता पटत नाही. लहान कंपनी लहान असताना खेड्याकडे गेली कारण शहरात तिला जागा नव्हती. आणि लहान राहणाऱ्यांचं काय झालं ते मुंबईने पाहिलं आहे. बीपीएल मोबाईल हे एके काळी मुंबईच्या मोबाईलचंच नाव होतं. ती पुढे लूप झाली, नोव्हेंबर 2014 मध्ये परवान्याची मुदत संपली आणि तीसेक लाख ग्राहकांना नंबर घेऊन दुसरीकडे धावावं लागलं. मुंबईत पर्याय बरेच होते म्हणून निभावलं. ज्या गावात एकाच कंपनीचं सिग्नल येतं तिथे पोर्टिंगचा हक्क घेऊन माणूस जाणार कुठे?

यातून शेवटच्या आणि सगळ्यात अवघड मुद्द्याकडे जावं लागतं. कंपन्यांचे समर्थक म्हणतात, जबाबदारीच्या गोष्टी सांगण्याआधी सरकारने कंपन्यांना जगू तरी द्यावं. यात तथ्य आहे. 1999 मध्ये भरमसाट ठोक परवाना शुल्कात बुडालेल्या कंपन्यांना वाचवण्यासाठी सरकारनेच उत्पन्नात वाटा घ्यायची पद्धत आणली. मग ‘उत्पन्न’ म्हणजे काय यावर भांडण लागलं, आणि 24 ऑक्टोबर 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सरकारची व्याख्या मान्य झाली. व्होडाफोन-आयडियावर पन्नास हजार कोटींच्या वर बोजा आला. जून 2021 मध्ये कुमार मंगलम बिर्ला यांनी सरकारला पत्र लिहून आपला हिस्सा सरकार सांगेल त्याला द्यायची तयारी दाखवली. ज्या उद्योगपतीला आपली कंपनी फुकट द्यावीशी वाटते त्याला झाडं किती लावलीत असं विचारणं म्हणजे चेष्टा. हे सगळं मान्य. पण पुढे काय झालं? सरकारने येणं सोडलं नाही, शेअर घेतले. फेब्रुवारी 2023 मध्ये 33 टक्के, एप्रिल 2025 मध्ये ते जवळपास 49 टक्क्यांवर गेलं. आज या कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक भारत सरकार आहे. आणि तरीही कारभारात आमचा हात नाही, अशी त्याची भूमिका. पैसा जनतेचा, मालकी जनतेची, जबाबदारी मात्र कुणाचीच नाही, ही कसली व्यवस्था? जनतेच्या पैशाने वाचवलेल्या कंपनीकडून निदान दोन गोष्टी मागणं सरकारला जमायला हवं होतं. एक, नंबर जिवंत ठेवणारा 28 दिवसांचा स्वस्त पॅक. दोन, जिथे तिचा टॉवर एकटाच आहे तिथे तो बंद करण्याआधी पर्यायी सेवेची हमी.

आणि बाकीच्या कंपन्यांकडून? पाच टक्क्यांचा हिशेब तालुकानिहाय मागायला हवा. अक्कलकुव्यातून किती गोळा झाले आणि अक्कलकुव्यात किती आले, हे कळणं अशक्य नाही. मागणारं कुणी नाही एवढंच. परवान्याच्या नव्या अटींत जिल्हा मुख्यालय हा शब्द काढून महसुली गाव आणि वाडी हे शब्द घालायला हवेत. ज्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही असंही एक काम आहे. ट्रायच्या 2024 च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे प्रत्येक कंपनीला आपल्या रेंजचा नकाशा संकेतस्थळावर टाकावा लागतो. त्यात आपलं गाव रंगवलेलं असतं, बहुधा पूर्ण. ग्रामसभेने एखाद्या रविवारी तो नकाशा उघडावा, वाडीवाडीवर जाऊन दांड्या मोजाव्यात, जिथे नकाशात रंग आहे आणि फोनमध्ये ‘नो सर्व्हिस’ आहे त्या जागा ठरावात लिहाव्यात आणि ठराव कंपनीला, ट्रायला आणि खासदाराला पाठवावा. पाणीपुरवठ्याचा ठराव आपण असाच करतो. मोबाईलच्या रेंजचा ठराव किती ग्रामपंचायतींच्या वहीत आहे?